बरबटीचं डिप घरी कसं करायचं: नागपुरात नव्याने बिऱ्हाड थाटलेल्यांसाठी

नोकरी किंवा शिक्षणासाठी नागपुरात खोली घेऊन राहणाऱ्यांची संध्याकाळची भूक बहुतेक वेळा कोपऱ्यावरच्या आलूबोंड्यावर आणि समोशावर भागते. अधूनमधून ते हवंच. पण रोज तळलेलं खायचं नसेल आणि कामावरून आल्यावर पुन्हा तासभर ओट्याशी उभं राहायची ताकद नसेल, तर फ्रिजमध्ये वाटीभर डिप, म्हणजे बुडवून खायचं घट्टसर वाटण, असणं ही फार मोठी सोय आहे. काकडी-गाजर चिरलं, पोळीचा तुकडा घेतला, की खाणं तयार. पोटाला आधार होतो आणि रात्रीच्या जेवणापर्यंत काही चघळावंसं वाटत नाही.

मी इथे बरबटीचं डिप सांगते आहे. बरबटी म्हणजे चवळी. नागपूरच्या किराणा दुकानात बरबटी म्हणूनच मागा. काबुली चण्याचं आणि राजम्याचंही होतं, त्यांचे फरक त्या त्या जागी दिले आहेत. डिप लोण्यासारखं होणार की भरड राहणार, हे कुकरमध्येच ठरतं. अर्धवट शिजलेला दाणा कितीही महागाचा मिक्सर मऊ करू शकत नाही. म्हणून या लेखात भिजवण्या-शिजवण्यावर जास्त लिहिलं आहे आणि वाटण्यावर कमी.

आणि ‘झटपट’चा अर्थ आधीच सांगते. सुट्टीच्या दिवशी दाणे शिजवून, वाटे करून फ्रीझरमध्ये ठेवायचे. मग आठवड्यात हवं त्या दिवशी डिप पंधरा मिनिटांच्या आत होतं. कोरड्या दाण्यापासून त्याच संध्याकाळी सुरुवात केली तर ते झटपट होत नाही.

१. बरबटी का, आणि ती कशी घ्यायची

बरबटीचा दाणा लहान, साल पातळ. काबुली चणे रात्रभर भिजवावे लागतात आणि राजमा तर नीट शिजला नाही तर बाधतो. बरबटीला एवढी तयारी लागत नाही, म्हणून नवख्यांनी हिच्यापासून सुरुवात करावी. पांढरी, काळ्या डोळ्याची घ्या. लाल बरबटीचं डिप चवीला चांगलंच लागतं, फक्त रंग मातकट येतो.

दाणा जुना नको. सुरकुतलेला, निस्तेज, तळाशी पीठ साचलेला किंवा भोकं पडलेला माल परत करा. कडधान्य उष्ण, दमट जागी महिनोन्महिने राहिलं की कितीही शिजवलं तरी आतून कडक राहतं, आणि आपल्याकडे मार्चपासून जूनपर्यंत बंद स्वयंपाकघर चांगलंच तापतं. इतवारी, मस्कासाथकडच्या ठोक दुकानांत भाव बरा मिळतो म्हणून पाच किलो उचलू नका. एकट्या-दुकट्याला अर्धा किलो पुरतं. संपली की पुन्हा आणायची, आणि उन्हाळ्यात डबा फ्रिजमध्ये ठेवायचा.

डबाबंद शिजलेले चणे किंवा राजमा मोठ्या दुकानांत मिळतात. अडीअडचणीला वापरायला हरकत नाही. त्यातलं पाणी टाकून द्या आणि दाणे नळाखाली धुवा, म्हणजे बरंचसं मीठ निघून जातं. पुढे वाटताना डिपमध्ये मीठ मात्र अगदी शेवटी, चाखून घाला.

२. जवळ काय काय हवं

चार जणांना पुरेल एवढ्या डिपसाठी:

- कोरडी बरबटी १०० ग्रॅम (शिजून साधारण अडीचशे ग्रॅम होते)
- पांढरे तीळ २ मोठे चमचे
- लसूण २ पाकळ्या
- एका मोठ्या रसदार लिंबाचा रस
- जिरं अर्धा लहान चमचा
- फल्ली तेल, म्हणजे शेंगदाण्याचं तेल, १ मोठा चमचा
- मीठ, लाल तिखट
- मूठभर सांबार, म्हणजे कोथिंबीर
- बरबटी शिजवलेलं पाणी, लागेल तसं

भांड्यांमध्ये तीन लिटरचा कुकर, मिक्सरचं चटणीचं भांडं, गाळणी, आणि घट्ट झाकणाचा काचेचा किंवा स्टीलचा डबा. फूड प्रोसेसर लागत नाही. उलट एवढ्याशा मालाला तो मोठा पडतो, दाणे भिंतीला चिकटून बसतात आणि पातं नुसतं फिरतं.

ऑलिव्ह तेल आणायलाच हवं असं नाही. घाण्याचं फल्ली तेल असेल तर या डिपला त्याची चव छान लागते. ऑलिव्ह तेल घरात असलंच तर ते मिक्सरमध्ये घालू नका, वेगात फिरलं की कडवट होतं. वाढताना वरून सोडा.

३. भिजवणं: इथे ऋतू बघावा लागतो

पाककृतींमध्ये ‘रात्रभर भिजवा’ असं सरसकट लिहिलेलं असतं. नागपुरात हे वाक्य जसंच्या तसं पाळता येत नाही. मे महिन्यात इथला पारा पंचेचाळिसाच्या आसपास जातो आणि रात्रीही घर निवत नाही. ओट्यावर रात्रभर ठेवलेल्या कडधान्याच्या पाण्याला सकाळी फेस आलेला असतो, आंबूस वास येतो, बोट लावलं तर बुळबुळीत लागतं. असे दाणे टाकून द्या. शिजवले तरी वास जात नाही आणि पोटही बिघडू शकतं.

उन्हाळ्यात दोनच मार्ग आहेत. एक, दिवसा तीन-चार तास भिजवा आणि मध्ये एकदा पाणी बदला. बरबटीला एवढं पुरतं. दुसरा, रात्री भिजवायचीच असेल तर भांडं झाकून फ्रिजमध्ये ठेवा. फ्रिजमध्ये दाणा हळू फुगतो, म्हणून आठ-दहा तास द्या. काबुली चणे आणि राजमा उन्हाळ्यात फ्रिजमध्येच भिजवा, कारण त्यांना एरवीही आठ-दहा तास लागतात.

डिसेंबर-जानेवारीत याच्या अगदी उलट. थंडीत गार पाण्यात दाणा फार हळू फुगतो. कोमट पाणी घ्या आणि भांड्यावर जाड झाकण ठेवा.

भिजवायचं विसरलात तर दाणे भरपूर पाण्यात दोन-तीन मिनिटं खळखळ उकळा, गॅस बंद करा आणि तासभर झाकून ठेवा. मग ते पाणी टाकून नव्या पाण्यात शिजवा. बरबटीला तर हेही करावं लागत नाही. ती न भिजवता थेट कुकरला लावता येते, दोन-तीन शिट्ट्या जास्त घ्यायच्या एवढंच.

भिजवण्याच्या पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून पाहा. मीठ आधी घातलं की कडधान्य शिजत नाही, असं अनेक घरांत सांगतात. तसं होत नाही. मिठाच्या पाण्यात भिजलेल्या दाण्याची साल उलट मऊ होते आणि डिपला नेमकं तेच हवं असतं. न शिजण्याचं खरं कारण बहुधा आंबट पदार्थ किंवा जड पाणी असतं, त्याबद्दल पुढे आहेच.

भिजवलेलं पाणी नेहमी टाकून द्या. ज्या घटकांमुळे पोटात वायू धरतो त्यांचा काही भाग त्या पाण्यात उतरलेला असतो. दाणे निथळताना नजर फिरवा. सगळे फुगले आणि चार-सहा दाणे होते तसेच टणक राहिले असतील, तर ते गणंग. ते शिजत नाहीत आणि मिक्सरच्या पात्यालाही त्रास देतात. वेचून काढा.

४. शिजवणं

कुकरमध्ये दाण्यांवर दोन बोटं पाणी, चिमूटभर हिंग आणि चमचाभर तेल घाला. तेलाने फेस कमी येतो. कडधान्य शिजताना फेस शिट्टीच्या नळीत जाऊन ती तुंबू शकते, म्हणून कुकर अर्ध्याच्या वर कधीच भरू नका. शिट्टीची नळी आधी फुंकर मारून मोकळी आहे ना ते बघा.

भिजवलेल्या बरबटीला मध्यम आचेवर तीन शिट्ट्या, न भिजवलेलीला पाच ते सहा. भिजवलेल्या काबुली चण्यांना पाच शिट्ट्या आणि मग मंद आचेवर दहा-बारा मिनिटं. कुकरागणिक हे थोडं बदलतं. उसळीसाठी दाणा अख्खा राहावा असं आपण बघतो, डिपसाठी मात्र तो जास्तच शिजलेला हवा. वाफ आपोआप जिरू द्या, झाकण उघडा आणि एक दाणा अंगठा आणि बोटात धरा. नुसत्या स्पर्शाने त्याचा लगदा झाला पाहिजे. मध्ये कण लागला तर अजून दोन शिट्ट्या. या परीक्षेत सूट देऊ नका.

तरीही दाणे मऊ होत नसतील तर पाणी तपासा. शहरात कन्हान आणि पेंचचं नळाचं पाणी येतं, पण अनेक इमारतींत आणि नव्या वस्त्यांत बोअरवेलचं पाणी वापरतात, आणि ते जड असेल तर त्यातल्या कॅल्शियममुळे साल घट्ट राहते. अशा वेळी शिजवायला पिण्याचं गाळलेलं पाणी घ्या किंवा शंभर ग्रॅमला अगदी चिमूटभर खायचा सोडा घाला. सोडा जास्त झाला तर साबणासारखी चव येते. आणि लिंबू, टमाटर, आमचूर, चिंच यातलं काहीही शिजताना घालू नका. आंबटाने दाणा ताठरतो. आंबट नेहमी वाटताना.

राजमा घेणाऱ्यांनी इथे थांबून वाचा. कच्च्या राजम्यात, विशेषतः लाल राजम्यात, फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं प्रथिन असतं. चार-पाच कच्चे दाणेसुद्धा पोटात गेले तर काही तासांत मळमळ, उलट्या, जुलाब होऊ शकतात. खळखळ उकळल्यावर ते निकामी होतं; मंद आचेच्या विजेच्या भांड्यात नुसतं कोमट-गरम ठेवलं तर होत नाही, उलट अर्धवट तापलेला राजमा कच्च्याहून जास्त बाधू शकतो. म्हणून राजमा भिजवा, पाणी फेका, कुकरमध्येच पूर्ण शिजवा. मोड आणून कच्चा वाटणं तर अजिबात नको.

शिजवलेलं पाणी फेकू नका. ते गाळून एका वाटीत ठेवा. डिप सैल करायला साध्या पाण्यापेक्षा ते चांगलं, कारण त्यात उतरलेल्या पिष्टाने डिपला अंग येतं.

जास्तीचे शिजवलेले दाणे पूर्ण निथळून, गार करून, अडीचशे ग्रॅमचे वाटे करा आणि फ्रीझरमध्ये ठेवा. दोनेक महिने चांगले राहतात. प्रत्येक वाट्यासोबत त्यातलंच थोडं पाणी बर्फाच्या साच्यात गोठवून ठेवलं तर आणखी सोय. वापरायच्या दिवशी दाणे पाच-सात मिनिटं पाण्यात उकळले की पुन्हा मऊ होतात.

५. दाणे शिजेपर्यंत लसूण आणि तीळ

डिपमध्ये लसूण कच्चाच जातो आणि नवख्यांचं डिप अनेकदा त्याच्या उग्रपणाने बिघडतं. साधा उपाय आहे. लसूण ठेचून लगेच लिंबाच्या रसात टाका, चिमूटभर मीठ घाला आणि दहा मिनिटं बाजूला ठेवा. लसूण ठेचल्यावर त्याचा तिखट वास तयार करणारी क्रिया आंबटामुळे मंदावते. चव राहते, झणका जातो. ज्यांना कच्चा लसूण मुळीच सोसत नाही त्यांनी पाकळ्या सालीसकट तव्यावर भाजून घ्याव्यात.

तीळ मंद आचेवर, सतत हलवत, फक्त तडतडू लागेपर्यंत भाजा. रंग जेमतेम बदलला पाहिजे. तपकिरी झाले की कडू लागतात आणि तो कडूपणा लिंबाने किंवा मिठाने झाकला जात नाही. त्याच तव्यावर शेवटी जिरं भाजून घ्या. तीळ नसतील किंवा घरात कोणाला तिळाची ॲलर्जी असेल तर भाजून सोललेले फल्लीदाणे घ्या. डिप थोडं जड आणि गोडसर होतं, पण पोळीशी ते जास्त जमतं असं माझं मत आहे.

६. वाटणं

क्रम महत्त्वाचा. आधी गार झालेले तीळ आणि जिरं कोरडंच फिरवून बारीक करा, मग तेल घालून त्याची पेस्ट करा. दाण्यांसोबत अख्खे तीळ टाकले तर ते शेवटपर्यंत दाताखाली येतात. आता लिंबू-लसणाचं मिश्रण, मग बरबटी आणि दोन चमचे शिजवलेलं पाणी.

दाणे कोमट असताना सगळ्यात छान वाटले जातात. कढत मात्र कधीच घालू नका. बंद भांड्यात वाफ कोंडते, झाकण उडतं आणि गरम लगदा अंगावर येतो. भांडं दोन-तृतीयांशपेक्षा जास्त भरू नका. थोडं फिरवा, थांबा, कडेचं चमच्याने खाली ओढा, पुन्हा फिरवा. पातं नुसतं फिरत असेल तर चमचाभर पाणी घाला, एकदम अर्धी वाटी ओतू नका. सैल झालेलं घट्ट करायला दाणेच हवेत, आणि ते संपलेले असतात.

फ्रिजमध्ये ठेवल्यावर डिप आणखी आळतं, म्हणून मिक्सरमधून काढताना ते जरा सैलसरच दिसायला हवं. शेवटी एक बर्फाचा खडा टाकून फिरवलं तर पोत हलका होतो.

७. चव

वाटून झालेलं डिप पाच मिनिटं तसंच ठेवा आणि मग चाखा. मिळमिळीत लागलं तर आपला हात मिठाकडे जातो, पण बहुतेक वेळा कमी असतं ते लिंबू. आधी अर्धा चमचा रस घाला, पुन्हा चाखा, आणि मगच मीठ.

तिखटासाठी भिवापुरी मिरचीचं तिखट मिळालं तर जरूर घ्या. भिवापूर नागपूर जिल्ह्यातलंच, आणि तिथल्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे. तिखट डिपमध्ये न मिसळता चमचाभर गरम तेलात सोडून, ते तेल वरून घाला. रंग आणि वास दोन्ही उठून येतात. गॅस बंद करून तेल जरा निवल्यावरच तिखट टाका, नाहीतर जळतं. ज्यांना जवसाच्या तेलाचा वास आवडतो त्यांनी ते कच्चंच, थेंब-थेंब वरून घ्यावं. ते तापवायचं नसतं आणि बाटली फ्रिजमध्ये ठेवायची असते.

सांबार चिरून वरून घाला. मिक्सरमध्ये टाकला तर डिप हिरवट-राखाडी होतं.

८. ठेवणं आणि डब्यात नेणं

कडधान्याच्या ओलसर लगद्यात जंतू झपाट्याने वाढतात. खोलीचं तापमान बत्तीसच्या वर असेल तर डिप तासाभरापेक्षा जास्त बाहेर ठेवू नका. थंडीत दोन तास. आपल्याकडे वर्षातले कित्येक महिने पहिलाच नियम लागू पडतो. सगळा डबा टेबलावर न आणता खायचं तेवढंच वाटीत काढा आणि उरलेलं परत डब्यात ओतू नका.

फ्रिजमध्ये तीन दिवस. वरून तेलाचा पातळ थर दिला तर पापुद्रा धरत नाही, पण त्याने टिकाऊपणा वाढतो असं समजू नका. खोलीत फ्रिज नसेल तर एका वेळी खाऊन संपेल एवढंच करा. मिहानला किंवा हिंगण्याला कामाला जाणाऱ्यांनी एप्रिल-मे मध्ये डिप डब्यात नेऊ नये, तिथे पोचल्यावर फ्रिज असेल आणि वाटेत बर्फाची पिशवी सोबत असेल तरच न्यावं.

९. कशाशी खायचं, किती खायचं

काकडी, गाजर, मुळा, वाफवलेला बीट. उरलेल्या पोळीचे किंवा ज्वारीच्या भाकरीचे तुकडे तव्यावर मंद आचेवर कडक करून घेतले तर विकतच्या चिप्सची आठवण येत नाही. चिप्ससोबत खाल्लं तर तेल आणि मीठ पुन्हा आलंच. पोळीला आतून लावून वर कांदा-टमाटर घालून गुंडाळी केली की डब्याला होते, अर्थात थंडीत.

वरच्या प्रमाणातलं डिप चौघांत वाटलं तर प्रत्येकाला साधारण सहा ग्रॅम प्रथिनं मिळतात, शिवाय तंतू. कडधान्याची सवय नसेल तर पहिल्या आठवड्यात दोन-तीन चमच्यांवर थांबा आणि हळूहळू वाढवा. एकदम वाटीभर खाल्लं तर पोट फुगतं. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी आणि ज्यांना पोटॅशियम कमी घ्यायला सांगितलं आहे त्यांनी डॉक्टरांना विचारूनच प्रमाण ठरवावं.

१०. ऋतूप्रमाणे बदल

उन्हाळ्यात लिंबं महागतात आणि नेमकी तेव्हाच कैरी येते. लिंबाऐवजी दोन-तीन मोठे चमचे कैरीचा कीस घाला आणि पुदिन्याची चार पानं. कैरी कमी-जास्त आंबट असते, म्हणून कीस थोडा-थोडा घाला.

थंडीत कॉटन मार्केटला, गोकुळपेठच्या बाजारात तुरीच्या ओल्या शेंगा येतात. त्यांचे सोले, म्हणजे ओले दाणे, काढून उघड्या पातेल्यात, मिठाच्या पाण्यात मऊ होईपर्यंत दहा-बारा मिनिटं उकळा. झाकण ठेवलं नाही तर हिरवा रंग बराच टिकतो. भिजवायला नको, कुकर नको. या डिपला तीळ निम्मेच घ्या, लसूण एक पाकळी आणि एक हिरवी मिरची. ओल्या दाण्याची स्वतःची गोडी असते, ती झाकली जाऊ नये. सोले सोलायला वेळ लागतो, तेव्हा सोबतीला कोणी असेल तर शेंगांची थाळी मध्ये ठेवून बसा. वालाच्या ओल्या दाण्यांचंही असंच होतं, फक्त त्यांची साल जाड असते, म्हणून उकळल्यावर दाणा चिमटीत दाबून ती काढून टाका.